फुग्याचा जोड

बेदाण्याच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं पिशव्या सील केल्या. पायाने मशीनची तापलेली पट्टी दाबायची, मनात चारपर्यंत मोजायचं, पाय सोडायचा. पाच मोजलं तर प्लास्टिक जळतं, तीनवर सोडलं तर जोड कच्चा राहतो. पिशवी गालाजवळ धरून हळू दाबली की कुठून वारा निसटतो ते लगेच कळतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझ्या हातची पिशवी कधी परत आली नाही.

म्हणूनच धाकटा दीर फुग्याचं काम माझ्याकडे घेऊन आला. तो सैन्यात सिग्नलला होता. पेन्शनीत आल्यावर त्याने वायरलेसचं लायसन काढलं आणि साताऱ्याच्या हौशी लोकांच्या ग्रुपात जाऊ लागला. ही माणसं रीतसर परवानगी घेऊन आभाळात फुगे सोडतात. जत्रेतला फुगा ताणत जातो आणि फुटतो. यांचा पातळ, चिवट प्लास्टिकचा असतो, तो ताणत नाही. विमानांच्या उंचीवर जाऊन टम्म होतो आणि तिथेच वाऱ्याबरोबर तरंगत राहतो. खाली लोंबणारं यंत्र पेढ्याहून हलकं. ते उन्हावर चालतं, दिवसा आपला ठिकाणा कळवतं आणि दिवस मावळला की गप्प होतं. पृथ्वीला वळसा घालून फुगा परत आपल्या कुंडल गावावरून गेलेला दिराला बघायचा होता. त्यासाठी आतला हेलियम, न पेटणारा वायू, पंधरावीस दिवस आत राहायला हवा. म्हणजे सगळा भार जोडावर.

पहिले दोन फुगे त्याने स्वतःच इस्त्री फिरवून जोडले होते. एक तासगावच्या पुढे द्राक्षबागेत सापडला, दुसरा सापडलाच नाही.

तिसरा मी जोडला. पडवीत टेबल आणि माझं पायाचं सील मशीन मांडून आठ दिवस बसले. त्याच प्लास्टिकची एक लहान पिशवी आधी शिवली, म्हणजे सील केली, तिच्यात हवा भरली आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. शेडमधली ही आमची रीत होती, माल खरा की खोटा ते टांगलेली पिशवी सांगते. आठव्या दिवशीही ती होती तशी कडक होती.

सोडायचा दिवस ठरला. तुटलेल्या उसाच्या रानात सकाळी सकाळी गल्ली जमली. आमच्याकडे नवी वस्तू ओवाळल्याशिवाय चालू होत नाही. ट्रॅक्टर असो, बोअरची मोटर असो. फुग्यालाही ओवाळायचं ठरलं. मी विधवा, म्हणून मी मागे उभी. त्याचं मला काही वाटत नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. धाकटी जाऊ, दिराची बायको, नवी साडी नेसून निरांजन घेऊन पुढे झाली. अर्धा भरलेला फुगा दोघांनी धरला होता आणि त्याचं तोंड खालीच होतं. निरांजन नेमकं त्या तोंडाखाली गेलं.

मी मागून म्हणाले, "दिवा लांब धर गं, प्लास्टिक हाय ते."

दीर मागे न बघता म्हणाला, "वैनी, चांगल्या कामात मधी बोलू नका."

फुगा वर गेला. पहिल्या दिवशी तो ओडिशावर होता, दुसऱ्या दिवशी ब्रह्मदेशाकडे. दीर मोबाइल घेऊन घरोघर दाखवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र उंची उतरत होती. तिसऱ्या सकाळी ऊन वर आलं तरी यंत्र बोललं नाही. नंतर कधीच नाही.

मला वाटलं, गेला तर गेला. पुढच्या महिन्यात साताऱ्याचे तिघे दिराकडे आले. चहा मी नेऊन दिला. त्यातल्या एका वयस्कर माणसाने मला समजावलं की मावशी, मनाला लावून घेऊ नका, जोड आमच्या हातूनही सुटतो. मी दिराकडे बघितलं. तो बशीत चहा ओतत होता. त्याने साताऱ्याच्या ग्रुपात सांगून टाकलं होतं की घरच्या बाईचा जोड सुटला. गावातही तेच फिरलं होतं, हे मला उशिरा कळलं. बचत गटाच्या बायका मसाल्याच्या पिशव्या सील करायला माझ्याकडे आणायच्या. दिवाळीला त्या पलूसला मोठ्या मशीनवर गेल्या. विचारलं तर म्हणाल्या, आक्का, आता तुमचं वय झालं.

मीही धरून चालले की हात चुकला असणार. बसल्या जागी आकडे मोजून बघायचे. तीनवर पाय सुटला असेल का? स्वतःवरचा विश्वास गेला की माणूस फार बावळट होतं.

मग एका दुपारी जाऊ मोबाइल घेऊन आली. ओवाळतानाचा व्हिडिओ दाखवायचा होता, त्यात तिची साडी चांगली दिसत होती. दिराने सगळ्यांना पाठवला होता तो फुगा वर जातानाचा. हा त्याच्या आधीचा. मी बघितलं. निरांजन तोंडाखाली जातं, प्लास्टिक आक्रसतं, माझा आवाज ऐकू येतो. दीर मला गप्प करतो. मग जाऊ बाजूला होते, तो वाकतो, आक्रसलेल्या जागेवरून अंगठा फिरवतो, खिशातून चिकटपट्टी काढतो आणि तिथे चिकटवतो. बायकोला काही सांगत नाही.

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

जावेला मी काही बोलले नाही. तिने काय केलं ते तिला अजून कळलेलं नाही. फाल्गुनात दीर नवं प्लास्टिक घेऊन आला. मी सांगितलं, व्हिडिओ बघितला मी. आधी माझ्यासमोर तुमच्या लोकांना फोन लावा आणि खरं काय ते सांगा.

त्याने प्लास्टिक टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "लोकांच्यात माझं हसू हुईल, वैनी. आन् तुमाला तिथं कोण वळखतंय?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले. "पर गावात वळखत्यात."

त्याने फोन लावला नाही. मी प्लास्टिक हातात घेतलं नाही. जाताना पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला. फुग्याच्या प्लास्टिकची ती लहान पिशवी अजून खिळ्याला होती, वर्ष होत आलं होतं. त्याने अंगठ्याने दाबून बघितली. पिशवी कडक होती. तांब्या पालथा घालून तो मागच्या दाराने निघून गेला.