माक रुकाया विवर बघायला गेली

जावा बेटावरच्या इजेन ज्वालामुखीच्या विवरातून गंधक वाहून आणणाऱ्या आम्हा सगळ्यांना माक रुकायानंच पोसलं. माक म्हणजे आई. डोंगराच्या पायथ्याशी तिची टपरी. केळीच्या पानात भात, वर सुकी मासळी आणि डोळ्यांत पाणी आणणारं मिरचीचं साम्बल. तिचा नवराही जन्मभर गंधकच वाहायचा. तो गेल्यावर तिनं ठरवलं, लेकीला, सुलिहाला, काही झालं तरी गंधकवाल्याच्या घरी द्यायचं नाही.

आणि सुलिहाला आवडला मिसरावी. माझ्याबरोबर कावड वाहणारा.

"एक गंधक्या घरात होता तो पुरला नाही का गं तुला?" माक ओरडली. तरी लग्न झालं. महिनाभरात सुलिहाचे चांदीचे डूल काळे पडले. मिसरावीच्या कपड्यांत मुरलेल्या गंधकाच्या धुरापुढे चांदी टिकतच नाही. माकनं भर टपरीत जावयाला धरलं, "बघ, काय केलंस माझ्या चांदीचं!"

"चांदी काळवंडली, माक, पण लेक उजळली की नाही बघा," मिसरावी म्हणाला. आम्ही हसलो. माकनं त्याला त्या दिवशी मासळी वाढली नाही.

विवर मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. तरुणपणी चुलीनं सोडलं नाही, पुढे गुडघ्यांनी. मग आमच्यातल्या काहींनी विवर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ओढून वर न्यायला हातगाड्या केल्या. मिसरावीनंही एक केली. एके सकाळी तो गाडीवर उशी टाकून टपरीसमोर उभा राहिला.

"बसा, माक."

"मी काय गंधकाचं पोतं आहे?"

"पोतं गप्प बसतं, माक."

ती बसली. मांडीवर भाताची टोपली आणि हातात छत्री घेऊन. मिसरावी आणि मी पुढून दोर ओढत होतो, सुलिहा मागून ढकलत होती. उभ्या चढावर आमचा जीव जात होता आणि माक वरून सांगत होती, "नीट ओढा रे, सकाळी फुकट जेवलात का?"

काठावर पोहोचलो तेव्हा वारा धूर पलीकडे नेत होता. खाली हिरवंनिळं तळं, त्याच्या कडेला पिवळा उतार, नळांच्या तोंडातून गळणारा वितळलेल्या गंधकाचा तांबडा रस, आणि धुरात मुंग्यांएवढी आमची माणसं. माकनं छत्री मिटली आणि पुढे वाकून खाली पाहिलं.

"सुलिहाचा बाप इथं उतरायचा? रोज?" तिनं विचारलं.

"रोज," मिसरावी म्हणाला.

"आणि घरी येऊन तक्रार काय, तर आमटीत मीठ कमी!" ती हसायला लागली. हसता हसता तिनं ओढणी डोळ्यांना लावली.

इतक्यात कावडी घेऊन चौघं-पाचजण वर आले. माकला बघून पहिल्यानं खांद्यावरची कावडच टेकवली. "अरे, टपरी वर आली!"

"या, बसा," माक म्हणाली आणि टोपलीतल्या भाताच्या पुड्या सोडल्या. मिसरावीच्या पुडीत तिनं दोन मासळ्या घातल्या.

उतरताना आम्ही गाडी जपून मागे खेचत होतो. माकला ते पटेना. "सोड रे जावई, जरा पळू दे!" त्यानं थोडी सोडली. खालून चढणारे पाहुणे बाजूला उड्या मारत होते, माक छत्री नाचवत "सरका, सरका!" ओरडत होती, आणि सुलिहा चप्पल हातात घेऊन हसत मागून धावत होती.