शिनगारे बाईंची अळंबी

शिनगारे बाई कुठलीही अळंबी आधी नाकाशी न्यायच्या. केजच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राचा नवा प्राध्यापक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी विभागातल्या या जुन्या प्राध्यापक बाईंनी माझं नाव विचारण्याआधी एक अळंबी माझ्या नाकाखाली धरली.

"कशाचा वास येतोय?"

"मातीचा."

"मातीचा तर समद्यालाच येतो. नीट हुंगा की!"

मला दुसरा वास आला नाही. त्यांना ओल्या शेंगदाण्याचा येत होता.

धर्मापुरीजवळच्या माळावर, वठलेल्या बाभळीच्या बुंध्यावर त्यांना एकदा एक जांभळी अळंबी सापडली. जांभळट देठ, खवल्यांची टोपी, सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी बीजाणू. कुठल्याच पुस्तकात तिची जोड मिळेना. "नवी वाटती," बाई म्हणाल्या, "पन जनुकं काय म्हनतेत ते बघू. निस्त्या रूपावर भरवसा न्हाई." मी नमुना पुण्याला प्रयोगशाळेत पाठवला.

अहवाल यायच्या आधीच प्राचार्यांनी सत्कार ठरवला. बाई आधी नको नको म्हणाल्या. मग स्टेजवर पुढाऱ्यानं शाल घातली, टाळ्या पडल्या आणि बाई माइकवर बोलून गेल्या, "आपल्या बीड जिल्ह्यानं जगाला नवी बुरशी दिली." त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

अहवालात ती नवी नव्हती. दक्षिणेत फार पूर्वीच कुणीतरी नोंदलेली जात. आमच्या कोरड्या माळावर तिचा रंग तेवढा पालटला होता.

"नमुना बदलला तर नसंल?" बाईंनी विचारलं. दुसरा पाठवला. उत्तर तेच आलं.

बाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. "थांबायला पायजे होतं. मला ठावं होतं. टाळ्या लई गोड लागल्या, सर."

"कुनाला कळतंय, मॅडम? गप बसा," प्राचार्यांनी सांगितलं. बाई गप्प बसल्या नाहीत. स्नेहसंमेलनात त्याच स्टेजवर चढून म्हणाल्या, "ती अळंबी नवी न्हवती. चूक माझी हाय." मागून शिट्टी आली, मग हशा. उतरताना त्या अडखळल्या. मी हात दिला. त्यानंतर त्या बाजारातून जायचं टाळून एसटी स्टँडच्या मागून घरी जायच्या.

माळावर जाणं मात्र थांबलं नाही. काही पावसाळ्यांनंतर तिथंच त्यांना बोटाच्या पेराएवढी, मळकट अळंबी सापडली. कुणी वळून पाहू नये अशी. या खेपेला त्यांनी कोवळ्या, जून, वाळलेल्या सगळ्या नमुन्यांची चित्रं काढली, बीजाणू मोजले, जनुकं पुन्हा पुन्हा तपासून घेतली. रूप आणि जनुकं एकच सांगत होती: ही जात कुठंच नोंदलेली नाही. शोधनिबंध छापून आला. मी सत्काराचं नाव काढलं.

"नगं. अजूनबी कुनी हासलं की वाटतं, मलाच हासतेत."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्याच स्टेजवर झालेल्या शोकसभेत प्राचार्य भरून येऊन बोलले, "जांभळी अळंबी शोधून बाईंनी जिल्ह्याचं नाव जगात नेलं."

मी उभा राहिलो. "सर, ती नवी नव्हती. बाईंनी शोधली ती दुसरी, मळकट."

सभागृह माझ्याकडे असं पाहू लागलं, जणू मी मेलेल्या बाईचा मान हिसकावून घेत होतो. पुढच्या रांगेत बाईंच्या लेकीनं मान खाली घातली.

"हे मी म्हणत नाही," मी म्हणालो. "बाईंनीच सांगितलं होतं. इथंच उभं राहून."