मागच्या बाकांची सुट्टी

"हिची आई आमच्या वखारीत तंबाखू चाळायची," आप्पासाहेब म्हणाले. "आन् आज ही आमच्या शाळेची हेडबाई. घ्या साहेब, चहा घ्या."

चहा मी ओतत होते. माझ्याच ऑफिसात. माझ्या खुर्चीवर बेळगावहून आलेले शिक्षण खात्याचे साहेब. शेजारी संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब. त्यांच्या पलीकडं आमचे सहशिक्षक पाटील सर. शिपाई दारात उभा होता. त्याला आप्पासाहेबांनी हातानंच थांबवलं होतं. "ऱ्हाऊ दे. बाई देतील."

साहेब माझ्याकडं बघून हसले. आप्पासाहेबांना कन्नडात म्हणाले, "पाप, छलो हेंगसू."

कन्नडात पाप म्हणजे बिचारी. बिचारी, चांगली बाई आहे. निपाणीत वाढलेल्या माणसाला एवढं कन्नड कळतंच. कळतं हे त्यांनाही माहीत होतं.

मी कप पुढं केला. राग आला का, असं पुढं कुणीकुणी विचारलं. काहीच आलं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर जबडा बधिर होतो, तसं सगळं अंग झालतं.

साहेब आलते अनुदानासाठी. ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. खात्यानं योजना काढली होती. मुख्याध्यापकानं नुसता कारभार बघायचा नाही. वर्गात जाऊन बसायचं, शिकवणं कसं चाललंय ते बघायचं, शिक्षकांशी बोलून ते सुधारायचं. त्यासाठी शाळेला पैसे मिळणार होते, आणि मुख्याध्यापकांना बेळगावात, कॅम्प भागातल्या एका जुन्या शाळेत प्रशिक्षण.

अर्ज मीच केला होता. आठवीच्या वर्गात मागं बसणाऱ्या पोरांना साधा धडा वाचता येत नव्हता. बहुतेक सगळी वखारीत जाणाऱ्या बायकांची पोरं. मागं बसा असं त्यांना कुणी म्हणत नव्हतं. पण प्रश्नही कुणी विचारत नव्हतं. मीसुद्धा तशीच मागं बसून शिकले. मला वाचायला शाळेनं शिकवलं नाही. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी एक अण्णा पोरं गोळा करून शिकवायचे, त्यांनी शिकवलं. हे शाळेत का होत नाही, एवढंच मला बघायचं होतं.

कप खाली ठेवून आप्पासाहेब म्हणाले, "योजना पाटील सर बघतील. बेळगावलाबी तेच जातील. बाईंनी सह्या करायच्या."

साहेबांनी मान हलवली. मीही हलवली.

घरी आईला सांगितलं. वखारीतलं काम सुटून वर्षं झालती, खोकला सुटला नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी हाय न्हवं?"

"हाय."

"मग गप ऱ्हा. चाळत हुते ते चाळत हुते. खोटं काय बोलला त्यो?"

मी जेवले. झोपले. झोपही लागली.

पाटील सर बेळगावला प्रशिक्षणाला जाऊन आले. अनुदान आलं. त्यातून तक्ते आले, नकाशे आले आणि ते ठेवायला लोखंडी कपाट आलं. कपाटाला कुलूप. पाटील सर कुणाच्याच वर्गात गेले नाहीत. "दुसऱ्याच्या तासाला जाऊन बसणं बरं दिसत न्हाय, बाई," म्हणाले. माणूस वाईट नव्हता. एकदा मीच त्यांच्या तासाला जाऊन मागं बसले. त्यांनी खडू माझ्यापुढं धरला. "घ्या. तुमीच शिकवा. तुमास्नी जास्त म्हायती." पुढच्या बाकावरची पोरं हसली. मी उठून बाहेर आले. ऑफिसात बसून सह्या केल्या.

मग साहेब तपासणीला येणार असं कळलं. त्या दिवशी सकाळी मी शाळेकडं निघाले होते. वखारीच्या फाटकाशी आठवीतली शेवंता बसली होती. तिची आई आत कामावर.

"शेवंता, शाळा न्हाय व्हय गं?"

"आज आमास्नी सुट्टी हाय, बाई."

"आमास्नी म्हंजे कुणाला?"

"मागच्या बाकांस्नी. पाटील सर म्हणालेत. ज्यांस्नी वाचाय येत न्हाय त्यांनी येऊ नका. सायेब येणार हाईत."

ती खुशीत होती. एका दगडावरनं दुसऱ्या दगडावर उडी मारत सांगत होती. आपल्याला वगळलं हे तिला टोचतही नव्हतं. इतके महिने मीही हेच करत होते, वगळलं तरी टोचून घेत नव्हते. आणि माझं बघून ही शिकली नव्हती. तिला ते आधीच येत होतं.

तिथं पहिल्यांदा काहीतरी दुखलं. बसून बधिर झालेल्या पायात रक्त परत यावं, तसं.

शाळेत पोचले तर आठवीचा वर्ग सुरू होता. भिंतीवर नवे तक्ते. पुढची पोरं घडाघडा वाचत होती. मागचे बाक पुसून ठेवलेले. रिकामे.

"उत्तम," साहेब म्हणाले.

"बाई, तुमीबी दोन शब्द बोला," आप्पासाहेब म्हणाले.

मी म्हणाले, "साहेब, हा वर्ग पुरा न्हाय. ज्यांना वाचता येत न्हाय त्यांना आज घरी बसवलंय. अनुदान त्यांच्यासाठी आलतं."

पाटील सरांनी पुस्तक मिटलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"बाई, बाहेर चला," आप्पासाहेब म्हणाले.

"न्हाय. वर्ग बघणं माझं काम हाय."

मी जाऊन मागच्या बाकावर बसले. आप्पासाहेब जवळ आले. आवाज खाली होता. "आईसंगं वखारीतच ठेवायला पायजे हुतं तुला."

इतकी वर्षं बाई, बाई. त्या दिवशी तू. मला बरं वाटलं. आता आमच्यात झाकलेलं काही राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी अनुदान आलं नाही. बाईंमुळं गेलं, असं गावभर झालं. संस्थेनं मला मेमो दिला. शिक्षकांनी माझ्याबरोबर चहा घेणं सोडलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवंता त्या वर्षी पास झाली नाही. हेही सांगितलं पाहिजे.

मी रोज आठवीवर जायला लागले. पोरांत बसायचं, कोण कुठं अडतंय बघायचं. मग शिक्षकाला बाजूला घेऊन सांगायचं. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर उद्या परत. पाटील सरांच्या तासालाही. त्यांनी खडू पुढं केला की मी घ्यायची आणि शिकवायची. पुढं पुढं त्यांनी खडू देणं बंद केलं. शेवंता एक एक ओळ वाचायला लागली, तेव्हा तिच्याकडं बघायला कुठलेही साहेब आले नव्हते.

संस्थेच्या बैठकीत आप्पासाहेबांनी विचारलं, "बाई, असं किती दिवस चालवणार तुमी?"

"मला काढंपर्यंत," मी म्हणाले. "आन् काढलं तर दुसऱ्या शाळेत."