कृष्णेचे काका, कावेरीचे मामा

त्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले होते. आमच्या घरमालकांचं तोंड मात्र दुथडी भरून वाहत होतं. बँकेतल्या बदलीमुळे मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं एकटी राहत होते. ते मूळचे तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांची शेती त्यांच्या वडिलांनीच विकून टाकली होती. तरी कर्नाटकानं कावेरी अडवल्याची बातमी आली की कोणीतरी आपल्या पानातला भात उचलून नेल्यासारखे ते कळवळायचे.

अशात सांगलीहून माझे काका-काकू राहायला आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टेबलाशी गेली, पण बोलणं असं की धरणांचे दगड यांनीच वाहिले असावेत. पहिल्याच सकाळी त्यांनी बादल्यांवर बादल्या अंगावर ओतल्या.

"काका, इथं पाणी जपून वापरावं लागतं," मी म्हटलं.

"अगं, या शहराला येतं ते कृष्णेचं पाणी. म्हणजे आपलं. आपण सोडतो म्हणून हे पितात."

त्यांनी ओतलेलं पाणी अंगणातल्या बोअरचं होतं, मचूळ. ते जमिनीखालच्या टाकीत साठायचं आणि तिथून मोटरनं वर चढायचं. कृष्णेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी हेच मामांना ऐकवलं. मामा ताडकन उठले. "तुमचे लोक आणि कर्नाटकाचे लोक, सगळे सारखे. वर बसायचं आणि कोंडायचं."

"नदी आमच्याकडे उगम पावते," काका म्हणाले.

"मग उगमापाशी जाऊन आंघोळ करा."

दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणावर आणि मोटरच्या खोक्यावर कुलपं दिसली. किल्ल्या मामांच्या जानव्याला. वरच्या मजल्याचे नळ कोरडे. शेजारच्या राज्याला रोज शिव्या घालणाऱ्या माणसानं स्वतःच्या अंगणात हे केलं, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. काकांनाही पेच पडला नाही. "मी लवादापुढे हे मांडलं असतं," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

पाणी अर्थात बायका आणत होत्या. पिण्याच्या पाण्याची तण्णी लॉरी, म्हणजे सरकारी टँकर, पहाटे कोपऱ्यावर यायची. मामी आणि काकू प्लास्टिकच्या घागरी घेऊन एकाच रांगेत उभ्या राहत. काकूंना तमिळ येत नव्हती, मामींची मराठी अर्धी कळायची नाही. तरी आठवड्याभरात दोघींची चांगली गट्टी जमली.

मग एका पहाटे दोघी गेल्याच नाहीत. मामी आमच्याकडे वर येऊन बसल्या. काकूंनी शिल्लक पाण्याचा चहा केला.

"आज घागरी तुम्ही न्या," काकूंनी काकांना सांगितलं. "आपलंच पाणी आहे ना? मागून घ्या."

मामींनी वर येण्याआधी मामांना काय सांगून ठेवलं होतं ते मला कळलं नाही. पण थोड्या वेळानं दोघं महापुरुष घागरी घेऊन निघाले, एक या कडेनं, एक त्या कडेनं. मी गच्चीवरून बघत होते. रांगेत पुढं कोण, यावरून त्यांची जुंपली. काका हातवारे करत होते, मामा कमरेची वेष्टी लुंगीसारखी वर खोचून ओरडत होते. मागच्या एका बाईनं दोघांच्या घागरी उचलून रांगेच्या शेवटी ठेवल्या. नंबर येईतो टँकर रिकामा झाला.

दोघं कोरड्या घागरी घेऊन परतले.

दुपारी कुलपं निघालेली होती. "मोटर दुरुस्त केली," मामा म्हणाले. मोटर कधी बिघडलीच नव्हती, पण कोणी तसं म्हटलं नाही. काकांनी नळ सोडून पाहिला आणि समाधानानं मान हलवली, जणू त्यांनीच वाटाघाटी केल्या.

सांगलीला परतल्यावर काका सगळ्यांना सांगत सुटले की चेन्नईत एका अडेलतट्टूला त्यांनी पाणीवाटप समजावून दिलं. काकूंनी मला हे फोनवर सांगितलं, आणि मामींना सांगलीचं लोणचं पाठवायचं म्हणून पत्ता विचारला.