अर्थ न मिळालेले अकरा शब्द

बेंबळीच्या शाळेत मला मराठी शिकवणारे सर निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. ते मेंढपाळाच्या घरातले. भाऊ, चुलते सगळे मेंढरांमागं. पगाराची नोकरी लागलेले त्या घरातले ते पहिलेच. नोकरीत असतानाच त्यांनी मेंढपाळांच्या बोलण्यातले शब्द वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. मेंढीच्या कानांवरून, रंगावरून, दातांवरून पडलेली नावं, जनावरांच्या दुखण्यांची नावं, घोंगडी विणतानाचे शब्द, झाडपाल्याचे शब्द. सुट्टी लागली की एसटी धरायची आणि कधी येडशीच्या डोंगराकडं, कधी मुरुमच्या बाजूला जाऊन कुणाच्या तरी कळपाजवळ बसायचं. शाळेत आम्हाला त्याचं हसू यायचं.

गेल्या दिवाळीनंतर ते माझ्या धाराशिवच्या घरी आले. मी घरूनच एका कंपनीचं काम करते, पाठ्यपुस्तकांचा मजकूर वेबपानांवर आणण्याचं. माझी नोकरी 'कॉम्प्युटरवर पानं लावायची' आहे, एवढं सरांच्या कानावर गेलं होतं. त्यांच्या वह्या काही वर्षांपूर्वी एका संशोधक मुलीनं टाइप करून दिल्या होत्या. पुढं ती परदेशी गेली आणि मागं राहिला तो तिनं दिलेला पेन ड्राइव्ह. त्यातली फाइल उघडली की नुसतं पांढरं पान दिसायचं. दोन-तीन जणांना दाखवून झालं होतं, फाइल खराब झालीय असंच सगळ्यांनी सांगितलं होतं.

"पुढच्या महिन्यात शाळेत पालकसभा हाय," सर म्हणाले. "मेंढरंवाल्यांची पन्नासेक पोरं हायत शाळेत. त्यांच्या आई-बापांना त्यांच्याच मोबाईलवर हे शब्द दिसावेत, एवढंच माझं म्हणणं."

मी चहा ठेवून लॅपटॉप उघडला. फाइल अजिबात खराब नव्हती. त्या मुलीनं काम फार नेटकं केलं होतं. सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये होता, म्हणजे प्रत्येक गोष्टीला खुणेचा टॅग लावून ठेवलेला: हा शब्द, हा त्याचा अर्थ, हे गाव. तो दिसायचा कसा, हे दुसऱ्या फाइलीत होतं. शब्द मोठ्या अक्षरात, त्याखाली अर्थ बारीक अक्षरात, असं त्या दुसऱ्या फाइलीनं सांगायचं आणि ब्राउझरनं दोन्ही एकत्र करून पान तयार करायचं. आताचे ब्राउझर सुरक्षेपायी कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीला दुसरीला हात लावू देत नाहीत. म्हणून पान पांढरं. त्यातून ही एकत्र करायची सोयच ब्राउझरमधून काढून टाकायचं चाललं आहे. मी सरांना म्हटलं, आपण पानं इथंच तयार करून घेऊ, मोबाईलवर आयती जातील. आठवड्यात देते.

पहिलं तयार पान मोबाईलवर उघडलं तर मराठीच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा. ते सोपं होतं. अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवली आहेत हे पानाच्या डोक्यावर सांगावं लागतं, ती ओळ राहिली होती. ओळ घातली आणि मराठी दिसू लागलं.

खरा घोळ त्यानंतर लक्षात आला. पान सुरुवातीला नीट दिसायचं. बरंच खाली गेल्यावर अक्षरं एकदम लहान व्हायची. आणखी खाली गेलं की आणखी लहान, मग आणखी. तिसऱ्या वेळेनंतर ती तेवढीच राहायची, पण तोवर मुंग्यांची रांग झालेली असायची. सरांनी डोळ्यांजवळ मोबाईल धरूनही त्यांना ती वाचता आली नसती.

दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत राहिले. आधी फॉन्ट बदलला, मग अक्षरांचे आकार ठरवणारी सगळी ओळ न् ओळ तपासली, मग मोबाईललाच दोष दिला आणि शेजारच्या वहिनींचा जुना मोबाईल मागून आणला. त्यावरही तेच. तेव्हा मनाशी म्हटलं, अंदाज बांधणं बस झालं. फाइल अर्धी केली. दोष वरच्या अर्ध्यात होता. ती पुन्हा अर्धी केली. असं करत करत एका शब्दापाशी येऊन पोहोचले. शब्द होता 'हिर्रो'. त्याच्या अर्थाची जागा रिकामी होती.

सरांना ज्या शब्दाचा अर्थ मिळाला नव्हता तिथं त्यांनी वहीत कोरं सोडलं होतं आणि त्या मुलीनंही प्रामाणिकपणे कोरंच ठेवलं होतं. एक्सएमएलच्या पद्धतीत असा रिकामा टॅग उघडून तिथल्या तिथं मिटवता येतो. वेबपान म्हणून वाचताना ब्राउझरला मात्र ते मिटवणं मान्य नसतं. बारीक अक्षरांचा टॅग उघडला एवढंच त्याला दिसतं, आणि तो मिटायची वाट बघत तो पुढचं सगळंच बारीक करत जातो. असे रिकामे शब्द अकरा होते; पण तीनदा बारीक केल्यावर ब्राउझर आणखी बारीक करत नाही, म्हणून अक्षरं तिथंच थांबायची.

आता माझी चूक सांगते. नोकरीत आम्ही रोज जे करतो तेच मी केलं. अर्थ रिकामा असेल तर तो शब्द पानावर घ्यायचाच नाही, अशी एक अट लिहिली. पाच मिनिटांचं काम. पान वरपासून खालपर्यंत सरळ झालं. मी ते सरांना पाठवलं आणि वर लिहिलं की सगळं नीट झालं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. त्यांनी रात्रीच्या जेवणाआधीच सुरुवात करून पानावरचा एकेक शब्द वहीशी ताडून पाहिला होता.

"हिर्रो कुठं गेला?" त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. रिकामा टॅग, बारीक अक्षरं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, अर्थ मला मिळाला न्हाय," ते म्हणाले. "त्यात शब्दानं काय केलं?"

आधी मला रागच आला. फुकटात केलेलं काम, वर बोलणं. भांडी घासताना ते डोक्यात घोळत राहिलं. पान बिघडू नये म्हणून मी अकरा शब्द गायब केले होते आणि वर सगळं नीट आहे असं कळवलं होतं. सरांनी मोजले नसते तर ते कुणाला कळलंही नसतं. शाळेत असताना शुद्धलेखनाच्या वहीत जो शब्द येत नसेल त्याजागी मी दुसराच सोपा शब्द लिहायचे आणि सर तो बरोबर पकडायचे, तेही आठवलं. दुपारी लाईट गेली होती, इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावला आणि ती अट पुसून टाकली.

मूळ दुखणं वेगळंच होतं. पानं तयार करताना ती कुठल्या पद्धतीनं लिहायची हे सांगणारी एक सूचना असते. त्या मुलीच्या फाइलीत ती एक्सएमएलची होती, मला हवी होती वेबपानाची. तेवढी बदलली की रिकामा टॅगही उघडणारा आणि मिटणारा असा पुरा लिहिला जातो आणि ब्राउझरचा गोंधळ होत नाही. मी ती बदलली. सगळी पानं पुन्हा तयार केली, माझ्या मोबाईलवर, वहिनींच्या जुन्या मोबाईलवर, लॅपटॉपवरच्या तीन ब्राउझरांवर वरपासून खालपर्यंत पाहिली. अकराही शब्द जागेवर होते, अक्षरं एकसारखी होती. यावेळी कळवताना मी आधी काय केलं होतं तेही लिहिलं. सरांचं उत्तर एका ओळीचं आलं: कळलं होतं.

पण मला आता त्या कोऱ्या जागा खुपायला लागल्या. सर म्हणाले, तिथं 'अर्थ मिळाला नाही' असं छाप. मी म्हटलं, छापते, पण आधी एकदा विचारून तर येऊ.

रविवारी त्यांना स्कूटीवर मागं बसवून येडशीला गेले. स्टेशनच्या पलीकडं सोयाबीन निघालेल्या रानात एक कळप उतरलेला होता. कळपवाल्या घरातली म्हातारी सरांच्या लांबच्या नात्यातली. आम्हाला बसायला तिनं घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या दिला. सर वहीतून एकेक शब्द वाचू लागले. एक शब्द कान दुमडून जन्मलेल्या कोकराचा निघाला, एक खुराच्या दुखण्याचा, एक लोकर कातरताना राहिलेल्या पट्ट्याचा. आणखी तीन शब्दांचे अर्थही तिला माहीत होते. चार शब्दांना मात्र ती सरळ म्हणाली, "न्हाय बा, आमच्यात न्हाय हे."

मग सरांनी हिर्रो वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती हसायला लागली.

"गुरुजी, ह्याला अर्थ कसला? हाक हाय ती. तुमी वाचून दावता, म्हणून कुणाला कळंना."

ती काठी टेकत उभी राहिली, कळपाकडं तोंड केलं आणि तो शब्द पोटातून, लांबवून सोडला. मधला 'र' कितीतरी वेळ चालला. चरत असलेल्या मेंढरांनी माना वर केल्या. पुढच्या पाच-सहा जणी ओढ्याच्या दिशेनं चालू लागल्या आणि बाकीचा कळप त्यांच्या मागं. पाण्यावर न्यायची हाक होती ती.

सरांच्या घरची हाक वेगळी होती, त्यामुळं त्यांना ही ओळखू आली नव्हती. पूर्वी कधीतरी ओढ्यापलीकडून एका माणसाच्या तोंडून त्यांनी ती ऐकली, एखाद्या वस्तूचं नाव असेल समजून लिहून घेतली, आणि नंतर वर्षानुवर्षं लोकांच्या ओसरीवर बसून तिचा अर्थ विचारत राहिले. "मीच चुकीचं विचारत होतो," ते म्हणाले, आणि पेन काढून वहीत लिहिलं. म्हातारीला विचारून मी ती हाक मोबाईलवर रेकॉर्ड केली. त्यासाठी उगाच हाक देऊन मेंढरं फसवायची नाहीत अशी तिची अट होती, म्हणून पाणी पिऊन मेंढरं परत येईपर्यंत थांबलो आणि संध्याकाळच्या पाण्याला खरी हाक घेतली.

पालकसभेला अकरापैकी सात शब्दांना अर्थ होते. चार शब्दांखाली 'अर्थ मिळाला नाही, माहीत असल्यास सांगा' असं लिहिलं होतं. हिर्रोखाली अर्थाबरोबर ऐकायचं बटण होतं. एका आईनं ते दाबलं आणि वर्गातून म्हातारीचा आवाज घुमला. मागं बसलेले बाप्ये हसले, एकानं त्याच्या घरची हाक देऊन दाखवली. मग वाद सुरू झाला. सरांनी लिहिलेला एक अर्थ आमच्याकडं असा नाही, असं एक बाई ठामपणे म्हणाली. सरांनी तिला पुढं बोलावलं आणि खुर्ची दिली.

मी बाकावर लॅपटॉप उघडून बसले. बाई सांगत गेली, मी टाइप करत गेले. दोन अर्थ बदलले, एक नवा शब्द आला. पानं पुन्हा तयार करून सगळ्यांना पाठवली तेव्हा लोक उठायला लागले होते. बाईनं आपला मोबाईल उघडला, बोटानं पान खाली सरकवत नेलं आणि आपला शब्द सापडेपर्यंत ती जागची हलली नाही.