सर्किसचं नाव

आमच्या गावात नझिराला लोक संत म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर तिला कुणी काहीच म्हणत नसे. पण एखादीचं पोर तापाने फणफणलं की ती मेणबत्ती घेऊन आधी नझिराच्या दारात जायची आणि मग चर्चमध्ये. "तुझं देव ऐकतो गं, एवढा एक शब्द टाक." नझिरा मान हलवायची, मेणबत्ती घ्यायची आणि दार लोटून घ्यायची. गुड फ्रायडेला ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवून फुलांत निजवतात, तेव्हा आम्ही बायका मरियेचा विलाप गातो. त्यातलं पहिलं कडवं वर्षानुवर्षं नझिराचंच. तिचा आवाज कोरडा होता, रडका अजिबात नाही. त्या कोरडेपणानेच बाकीच्यांना हुंदके फुटायचे.

चर्चच्या खालच्या उतारावर माझी भाकऱ्या भाजायची भट्टी आहे. गावातली सगळी पिठं आणि सगळ्या बातम्या तिथूनच जातात. एकदा नझिरा भाकऱ्या काढायला वाकली आणि तिचा हात तापल्या लोखंडाला टेकला, तसाच राहिला. कातडी करपल्याचा वास मला आला, तिला आला नाही. मीच तिचं मनगट धरून ओढलं. "अगं बये, भाजतंय ना!" ती हाताकडे बघून म्हणाली, "हो का?" जणू दुसऱ्या कुणाचा हात.

असं तिचं लूर्द गेल्यापासून होतं.

लूर्द तिची एकुलती एक, चार वर्षांची. देशातली लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, सफरचंदांची तोडणी चालली होती. शेजारचा सर्किस आपला पिकअप घेऊन नझिराच्या अंगणातल्या पेट्या भरायला आला. भिंत आणि तुतीचं झाड यांच्यामधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. तो गाडी मागे घेत होता. त्याच वेळी वरच्या रस्त्याने लग्नाची वरात चालली होती, वीसेक गाड्या, सगळे हॉर्न कोकलत होते. सगळं गाव माना वर करून नवरी कुठल्या गाडीत आहे ते बघत होतं. लूर्द चाकाखाली आली ते कुणीच पाहिलं नाही. तिची किंकाळीही कुणी ऐकली नाही.

आम्ही धावलो तेव्हा सर्किस मातीत गुडघ्यांवर बसला होता. कुणीतरी ओरडलं, "काय झालं? नझिरा कुठे होती?" नझिरा म्हणाली, "मी आत होते, स्वयंपाकघरात. आवाज ऐकून आले." सर्किसने तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "मला दिसली नाही. मला दिसलीच नाही." त्यापुढे त्या दिवसाबद्दल तो कधी काही बोलला नाही.

पोलिसांनी अपघात लिहिला. गावाने मात्र आपला निकाल दिला. चाळिसाव्या दिवसाची मिस्सा, गेलेल्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, झालीही नव्हती तोवर गोष्ट पसरली की सर्किस दुपारी अरक ढोसून आला होता. कुणी वास घेतला होता? कुणीच नाही. नझिराचा नवरा तन्नूस कुदळ घेऊन गेला आणि त्याने पिकअपच्या काचा फोडल्या. सर्किस ओसरीवर उभा राहून बघत होता. मग त्याने ती गाडी विकली आणि पुन्हा कधी चाकाला हात लावला नाही. त्याच्या मुलीचं, मार्ताचं, ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, दारुड्याच्या घरची नको. सर्किसची बायको आदेल माझ्या भट्टीवर यायची बंद झाली. ती घरीच तव्यावर भाकऱ्या भाजू लागली.

नझिराने सर्किसला कधी शिवी दिली नाही की शाप दिला नाही. लोक म्हणायचे, बघा, केवढं मोठं मन. तन्नूस छातीच्या दुखण्याने गेला. ती एकटी राहिली, बाग खंडाने दिली, उन्हाळ्यात टोमॅटो वाळवायची, हिवाळ्यात शेगडीपाशी बसायची. घरात लूर्दचा फोटो होता, पण तो बघताना मी तिला कधी पाहिलं नाही.

अशी वीसहून जास्त वर्षं गेली.

त्या वर्षी उपासकाळात खालच्या मठातले फादर, अबूना इस्तफान, प्रवचनाला आले. म्हातारे, दम्याचे, दर चार वाक्यांनी थांबून श्वास घेणारे. पहिल्या संध्याकाळी निम्मं गाव पेंगलं. दुसऱ्या संध्याकाळी ते पायरीवर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी पापांच्या कबुल्या ऐकतोय. मला तुमच्या सगळ्या सुनांची पापं तोंडपाठ आहेत. सासवांचीही आहेत. नवरे किती पितात, शेजारी बांध किती सरकवतो, सगळं माहीत आहे. फक्त समोर गुडघे टेकून बसलेल्या माणसाचं पाप मात्र अजून ऐकायचं राहिलंय."

लोक हसले. ते हसले नाहीत. श्वास घेऊन म्हणाले, "देवाची दया नदीसारखी आहे म्हणता ना? आहेच. पण तुम्ही काठावर येता आणि शेजाऱ्याचे कपडे धुऊन जाता. अंगावरचा सदरा काढायची लाज वाटते. बाबांनो, तो सदरा मळलाय हे त्याला ठाऊक आहे. वास त्याला केव्हाचा येतोय. तरी तो काठावरून उठून गेलेला नाही."

नंतर कबुलीसाठी रांग लागली. नझिरा रांगेत होती. दरवर्षीच असायची. तिथे काय झालं ते तिनेच मला पुढे सांगितलं, आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

तिने नेहमीची यादी म्हटली. उपास मोडला, वहिनीवर चिडले, जपमाळ अर्धी सोडली. अबूना खोकले आणि म्हणाले, "हा झाला केरवारा. आता तुझं सांग."

"तेव्हा," नझिरा मला म्हणाली, "माझं तोंड आपोआप उघडलं. मी ठरवलं नव्हतं."

ती त्या दिवशी स्वयंपाकघरात नव्हती. ती तुतीच्या झाडापाशी उभी राहून सर्किसला गाडी मागे घ्यायला मदत करत होती. हाताने खुणावत होती, ये, ये, अजून ये, मोकळं आहे. वरून वरात आली. नवरी कोण ते बघायला तिने मान वळवली, आणि हात तसाच हलत राहिला. ये, ये. सर्किस आरशात तिचा हात बघत होता.

अबूनांनी श्वास घेतला. मग विचारलं, "त्या माणसाने कुणाला सांगितलं का?"

"नाही."

"तुला पश्चात्ताप होतो?"

"मला काहीच होत नाही, अबूना. पोर गेली तेव्हाही झालं नाही. लोक रडायचे, मी बघायचे. आत्ताही सांगतेय, पण आत काही हलत नाही. अशा बाईला माफी असते का?"

"रडू आलं तरच माफी, असं कुठे लिहिलंय? वाटायची वाट बघत बसलीस तर मरशील. तू तोंड इकडे वळवलंस, तेवढं पुरे आहे. पण त्या माणसाचं नाव तुझ्याकडे पडून आहे. ते त्याला नेऊन दे."

"म्हणजे आधी त्याच्याकडे जाऊन येऊ, मग तुम्ही माफी द्याल?"

"माफी आधी," म्हातारा म्हणाला. "नाहीतर जाशील कशाच्या बळावर?" आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उपास सुटायच्या वेळी, नझिरा सर्किसच्या घरी गेली. दार आदेलने उघडलं. तिच्या हातात पालक होता.

"वाट चुकलीस का?"

"सर्किसला भेटायचंय."

आदेल बाजूला झाली. आमच्याकडे दारात आलेल्याला, मग तो वैरी का असेना, कॉफी विचारावीच लागते. तिने भांडं शेगडीवर ठेवलं. सर्किस खिडकीपाशी छाटणीची कात्री घासत बसला होता. साखरेच्या आजाराने त्याचा पाय सुजलेला होता. नझिरा उभ्यानेच बोलली. प्रस्तावना नाही, रडणं नाही. "त्या दिवशी मी तुला ये म्हणत होते. मी वरातीकडे बघत होते. आणि मग मी आत होते म्हणून सांगितलं."

सर्किसने कात्री बाजूला ठेवली. "माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी पोर समोर पडली होती, नझिरा. त्यावर आणखी हे तुझ्या डोक्यावर कुठे ठेवायचं? म्हटलं, राहू दे. मी पुरुषमाणूस आहे, पेलेन." त्याने सुजलेला पाय हातांनी उचलून सरळ केला. "खोटं नाही बोलत. पहिल्या दिवशी ती दया होती. मार्ताचं लग्न मोडलं तेव्हा मी तुझा इतका द्वेष केला की चर्चमध्ये तुझी पाठ दिसली तरी मिस्सा ऐकू यायची नाही. कितीतरी वर्षं. आता तर ते पण राहिलं नाही. आणि मीसुद्धा खाली उतरून बघायला हवं होतं. तेही आहेच."

आदेल भांडं हातात धरून उभी होती. कॉफी उतू जाऊन तिच्या बोटांवर आली होती. "तू मला पण सांगितलं नाहीस?" ती नवऱ्याला म्हणाली. "मला? मी इतकी वर्षं रोज तुझं तोंड हुंगत होते, अरे! मला वाटायचं लोक म्हणतात ते खरंच असेल. मी तुझ्याशेजारी निजले आणि मनात तुला दारुडा म्हणाले!"

सर्किसने कात्री पुन्हा हातात घेतली.

मग ती नझिराकडे वळली. मोठ्याने बोलली नाही. तिने ती कॉफी मोरीत ओतली, भांडं पालथं घातलं आणि म्हणाली, "त्याने माफ केलं असेल. तो त्याचा प्रश्न. माझी पोर आज दुसऱ्याच्या घरी ब्राझीलमध्ये आहे आणि मी तिची मुलं पाहिली नाहीत. तू जा."

नझिरा गेली. शनिवारी ती पीठ घेऊन भट्टीवर आली. सातआठ बायका होत्या. सगळ्यांसमोर तिने तीच तीन वाक्यं पुन्हा म्हटली. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. पण कुणाला पटेचना. एक म्हणाली, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं." दुसरी म्हणाली, "आता कशाला उकरायचं? गेली ती गेली. उगाच आपलं नाव खराब करतेस." तिसरी मेणबत्तीवाली, तिचा मुलगा नझिराच्या प्रार्थनेने बरा झाला होता, ती तर चिडलीच. "आमच्यासमोर असलं बोलू नकोस!"

नझिरा म्हणाली, "तो प्यायला नव्हता. अरकचं कुणी काढलं होतं?"

भट्टीत लाकडं तडतडत होती. कुणी कुणाकडे बघेना. आता मला माहीत आहे ते कुणी काढलं, पण ती बाई देवाघरी गेली, आणि ऐकून पुढे सांगणाऱ्या तर आम्ही सगळ्याच होतो.

गुड फ्रायडेला बायका तिला बोलवायला गेल्या, तेव्हा तिने पहिलं कडवं म्हणायला नकार दिला. ती शेवटच्या बाकाजवळ उभी राहिली, जिथे सर्किस बसायचा. पुनरुत्थानाच्या रविवारी वेदीवरून शांती निघाली. आमच्यात शांतीची ही खूण तळव्यांना तळवे लावून हातातून हातात येते, फादरकडून सेवकाकडे, तिथून बाकाबाकाने मागे. सर्किसच्या बाकापर्यंत ती कधी पोहोचत नसे. त्याच्या पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळायचाच नाही. त्या दिवशी नझिराने पुढच्या बाकावरून ती घेतली आणि सर्किसच्या तळव्यांत दिली. त्याने घेतली. त्याने ती आदेलकडे वळवली. आदेलचे हात मांडीवर होते, ते मांडीवरच राहिले.

बाहेर आल्यावर मी नझिराला विचारलं, "हलकं वाटतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली. "त्याचे हात गार होते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पण काल पहिल्यांदा मी तिचा फोटो पुसला."

उन्हाळ्यात दोन माणसं सर्किसच्या ओसरीवर जाऊन बसली. मग आणखी काही. माफी कुणी मागितली नाही, सफरचंदांच्या भावाच्या गप्पा मारल्या. आमच्या गावाला एवढंच येतं. पाय बिघडत गेला आणि थंडीला तो अंथरुणाला खिळला. एका सकाळी आदेल भट्टीवर आली, कित्येक वर्षांनी. नझिरा कोपऱ्यात होती. आदेल तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "वर्दे, मला औषधांसाठी खाली शहरात जावं लागतं. सकाळी घरी कुणी नसतं."

दुसऱ्या दिवसापासून नझिरा सकाळी तिथे जाऊ लागली. ती संत्री सोलून द्यायची, तो रेडिओ ऐकायचा. फारसं बोलायचे नाहीत. आदेल परतली की म्हणायची, "जा आता." आभार नाहीत, कॉफी नाही.

बर्फ वितळायच्या आधी सर्किस गेला. सगळं गाव आलं, जे कधी त्याच्या दारात गेले नव्हते तेही. सांत्वनाच्या रांगेत नझिरा आदेलसमोर आली तेव्हा आदेलने गाल पुढे केला नाही, हात मात्र दिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"उद्या येऊ नकोस. उद्या मला माझ्या माणसासाठी एकटीला रडायचंय. परवा ये."

परवा नझिरा गेली. आदेलने दार उघडलं, आणि दोघी सर्किसचे कपडे घड्या घालायला बसल्या.