रिकाम्या खोलीचा प्रथम वर्ग

आमच्या अकोल्याच्या कार्यालयात जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात एक काळी, चपटी पेटी भिंतीला ठोकलेली होती. तिला स्विच म्हणत. कार्यालयातल्या सर्व संगणकांच्या तारा तिच्यात येऊन मिळत आणि तिच्यातून निघालेली एकच तार पुढे मुंबईपर्यंत जात असे. मी त्या कार्यालयाचा अधीक्षक होतो. फायली, शिपाई, कुलपे आणि रिकाम्या खोल्या यांचा ताबा माझ्याकडे होता. त्या पेटीचा मात्र कोणाकडेच नव्हता. म्हणूनच एके दिवशी तिच्यासाठी समिती नेमावी लागली; त्या समितीत मीही होतो.

ती शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची वर्षे होती. वऱ्हाडातली खेडी कशी बसत चालली आहेत, हे मुंबईला दर आठवड्याला दूरचित्र बैठकीतून समजावून सांगावे लागे. या बैठकीला सर्वजण व्हीसी म्हणत. व्हीसीमध्ये मुंबईच्या साहेबांचा चेहरा मधेच गोठायचा. तोंड उघडे, बोट वर आणि आवाज बंद. आमच्या साहेबांना हा वरिष्ठांचा अवमान वाटला. अमरावतीहून एक अभियंता बोलावण्यात आला.

अभियंत्याने समितीपुढे थोडक्यात सांगितले, "तार एकच आहे. सगळं एकदम जाऊ शकत नाही. तेव्हा तातडीचं काम कोणतं, मागं राहिलं तरी चालेल असं कोणतं, ते तुम्ही ठरवून द्या. मी वाहतुकीचे तीन वर्ग करतो. पहिल्या वर्गाला वाट आधी. शेवटच्या वर्गाला मर्यादा. मर्यादेबाहेर जे येईल ते स्विच टाकून देईल."

"टाकून देईल म्हणजे? थांबवून ठेवेल ना?" मी विचारले.

"नाही. टाकूनच देईल."

माझी उमेदीची वर्षे न्यायालयाच्या दप्तरात गेली होती. तिथे पक्षकाराला निदान पुढची तारीख मिळते. ही पेटी तर नोटीस देत नव्हती, म्हणणे ऐकत नव्हती, कारण नोंदवत नव्हती आणि तिच्या निकालावर अपीलही नव्हते. मी हे बोलून दाखवले. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अधीक्षक, तुमचं न्यायालय बाहेर ठेवून आत येत जा."

यानंतर समितीने जे केले ते आमच्याच लोकांना सुचू शकते. अभियंत्याने विचारले होते, कोणते काम तातडीचे? समितीने उत्तर दिले, कोण ज्येष्ठ? ज्येष्ठता यादी मागवण्यात आली. एक अधिकारी दुसऱ्या वर्गात गेले, तर खुर्चीतून अर्धे उठले.

"मी यांच्या आधीच्या तुकडीचा आहे. यांचा डेटा पहिल्या वर्गात आणि माझा दुसऱ्यात?"

"साहेब, तुम्ही दिवसभरात एक पत्र उघडता," अभियंता म्हणाला.

"ते एक पत्र कोणाचं असतं, हे माहीत आहे तुम्हाला?"

अखेर सर्वांची मने राखली गेली. ज्या खोलीच्या दारावर नावाची पाटी आहे, ती खोली प्रथम वर्ग. शाखांची टेबले द्वितीय वर्ग. तृतीय वर्गात उरली ती तळमजल्यावरची दाखल्यांची खिडकी. "तिथले लोक गाणी उतरवून घेतात," असे एका सदस्याने पुराव्याशिवाय सांगितले आणि तिच्यावर मर्यादा बसली. व्हीसी चालू असताना तर ती मर्यादा जवळजवळ शून्यावर आणायची, असेही ठरले. अभियंत्याने दोनदा बजावले, की सगळेच पहिल्या वर्गात बसले तर पहिला वर्ग नावापुरताच राहतो. मग त्याने लेखी मागितले, ते खिशात घातले, पेटीत तसा बंदोबस्त केला आणि तो अमरावतीला निघून गेला. मी भिन्नमत नोंदवून चार पृष्ठे जोडली. ती वाचली गेली असती तर हे लिहावे लागले नसते.

मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, माझ्या घराला लागून एक कुटुंब राहते. घरधनी बैलगाड्यांच्या जागी आलेल्या ट्रॉल्यांची वेल्डिंगची कामे करायचे. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने, भाभींनी, शिलाईवर मुलीला शिकवले. त्या पावसाळ्यात मुलीचे नाव अमरावतीच्या परिचर्या म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या यादीत लागले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मूळ अधिवास दाखला दाखवायचा. न दाखवल्यास जागा यादीतल्या पुढच्या नावाला. मुलीने अर्ज वेळेवर केला होता. चौकशी झाली होती, कागद पूर्ण होते. राहिले होते ते इतकेच, की खिडकीवरच्या संगणकाने नोंद मुंबईला पाठवायची, तिकडून क्रमांक यायचा आणि दाखला छापून निघायचा.

हातात एकच दिवस होता आणि त्या दिवशी व्हीसी होती. विषय होता ग्रामीण जनतेच्या अडचणी.

दुपारी मी खाली उतरलो तेव्हा खिडकीपुढची रांग फाटकापर्यंत गेली होती. भाभी मला पाहून पुढे आल्या.

"काका, सकाळपासून उभ्या हाओत आमी. थ्या बाई म्हन्तेत, फिरून राहिलं, फिरून राहिलं. काय फिरून राहिलं?"

खिडकीमागच्या ऑपरेटरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर वाळूचे घड्याळ उलटसुलट होत होते. "साहेब, पाठवते तशी नोंद परत येते. आतापर्यंत किती वेळा पाठवली, मोजणं सोडलं मी."

"हाताने लिहून द्या."

शेजारी बसलेले, दाखल्यांवर सही करणारे नायब तहसीलदार सौम्यपणे म्हणाले, "परिपत्रक आहे साहेब. क्रमांकाशिवाय दाखला ग्राह्य नाही." परिपत्रक होते. मीच ते फिरवले होते.

"पोरीचं साल जाईन नं, काका," भाभी हळू म्हणाल्या. कागदांची पिशवी छातीशी धरून मुलगी त्या वाळूच्या घड्याळाकडे पाहत होती.

मी वर गेलो. सभागृहाच्या दारातला शिपाई म्हणाला, "आत जाता येत नाही. सायेब लाईव्ह हायेत." समितीचे बाकी सर्व सदस्य आत, धोरणात बदल समितीच्याच ठरावाने होणार, आणि व्हीसी कार्यालय सुटेपर्यंत चालणार होती. दाराच्या फटीतून ऐकू येत होते, की आमच्या जिल्ह्यात दाखले मागेल त्याला तत्काळ दिले जातात.

मी माझ्या टेबलावर येऊन धोरण पुन्हा वाचले. रागाने वाचले की मला कायदा चांगला कळतो. धोरणात प्रथम वर्ग अधिकाऱ्याला दिलेला नव्हता, कामालाही नव्हता. खोलीला दिलेला होता. पहिल्या मजल्याच्या टोकाला अशी एक खोली होती, जिच्यातले अधिकारी उन्हाळ्यातच बदलून गेले होते. जागी कोणी आले नव्हते. पाटी मात्र दारावर होती. म्हणजे त्या खोलीतल्या कोळ्यांना, उंदरांना आणि टॉवेल पांघरलेल्या खुर्चीला शासनाच्या तारेवर प्रथम वर्ग होता, आणि जिवंत माणसांची रांग तृतीय वर्गात होती. रिकाम्या खोल्यांचा ताबा, वर सांगितलेच आहे, माझ्याकडे होता.

मी कार्यालयीन आदेश लिहिला: खिडकी तात्पुरती पहिल्या मजल्यावर हलवण्यात येत आहे. सही केली, आवक-जावकला क्रमांक टाकला आणि दोन नाईक शिपायांना बोलावले.

"साहेब, संगणक नेऊ कुठी?"

"त्या साहेबांच्या खोलीत."

"थे साहेब तं गेले नं!"

"म्हणूनच."

मग वऱ्हाडच्या प्रशासनात क्वचितच निघाली असेल अशी मिरवणूक निघाली. पुढे संगणक उचललेला नाईक, मागे छपाईयंत्र घेतलेला दुसरा, मग ऑपरेटरबाई, शिक्क्यांची पेटी काखेत धरलेले नायब तहसीलदार आणि त्यांच्यामागे जिन्यावरून चढणारी अख्खी रांग. खोलीत गालिचा होता. लोकांनी चपला बाहेर काढल्या. सोफ्यावर बसा म्हटले तर कोणी बसेना, शेवटी भाभींच्या मागे उभी असलेली, निराधार योजनेच्या पगारासाठी दाखला मागायला आलेली एक म्हातारी कडेला टेकली आणि म्हणाली, "लयच मऊ हाय वं बाई. याच्यावर बसून कोन काम करीन?"

तार भिंतीतल्या भोकात बसवली. वाळूचे घड्याळ नाहीसे झाले. ऑपरेटरबाई स्वतःशीच म्हणाल्या, "अगं माय!" नोंदी भराभर जाऊ लागल्या. दाखल्याची नोंद ती केवढी. चार ओळींचा मजकूर. ती जायला पेटीत जागा नव्हती असे कधीच नव्हते. तिला मनाई होती.

पुढचे चौघे मोकळे झाले. मुलीची नोंद गेली, क्रमांक आला आणि छपाईयंत्राने कागद ओढायला सुरुवात केली, तोच अध्यक्ष दारात उभे राहिले. व्हीसीला मध्यंतर झाले होते.

"हा काय बाजार आहे?"

"खिडकी आहे, साहेब."

"खिडकी खाली असते!"

"वाट वर आहे. धोरणाप्रमाणे ही खोली प्रथम वर्ग. खोलीत कोणी कोणते काम करावे, यावर समितीने निर्बंध घातलेला नाही. मी सुचवला होता. पृष्ठ तीन."

"व्हीसी खराब झाली तर जबाबदार कोण?"

"बिघडली का?"

"प्रश्न तो नाही. ती तार काढा."

नाईकाने माझ्याकडे पाहिले. कागद निम्मा बाहेर आला होता. नाईक खाली वाकला, गुडघ्यावर हात टेकून आणखी वाकला, टेबलाखाली शिरला आणि तिथून म्हणाला, "साहेब, कोनती तार? इथं तं लय तारा हायेत." त्याने ती तार अर्ध्या तासापूर्वी स्वतः बसवली होती. कागद पूर्ण बाहेर आला.

नायब तहसीलदारांनी पेन उघडले आणि अध्यक्षांकडे पाहत ते तसेच धरून ठेवले. "वरिष्ठांची मनाई असेल तर..."

"मनाई तार काढण्याची आहे," मी म्हणालो. "सहीबद्दल आदेश नाही. असेल तर तो लेखी घ्या आणि या मुलीला प्रत द्या."

लेखी म्हटले की आमच्याकडे भल्याभल्यांचा घसा बसतो. नायब तहसीलदारांनी सही केली आणि शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हलले. मुलीने दाखला दोन्ही हातांनी घेतला, शाई वाळण्यासाठी त्यावर फुंकर घातली आणि चपला हातात घेऊनच ती जिना उतरली. भाभी तिच्यामागे धावल्या.

त्यानंतर तार निघाली. सोफ्यावरची म्हातारी उठली, रांग खाली गेली, आणि खिडकीवर "नेटवर्क बंद" अशी पाटी लागली. नेटवर्क बंद नव्हते.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी उत्तर दिले, उत्तरावर स्मरणपत्र दिले, आणि स्मरणपत्राची पोच का मिळाली नाही, याचीही विचारणा केली. समितीची मात्र मला वगळून तातडीची बैठक झाली. मला वाटले, आता खिडकीचा वर्ग बदलतील. समितीने एकमताने ठरवले, की त्या खोलीला नवे कुलूप लावावे आणि किल्ली अध्यक्षांकडे ठेवावी. वर्गवारीला धक्का लावला नाही. पाटी असलेली खोली उद्या भरली आणि नव्या साहेबांना द्वितीय वर्ग मिळाला, तर केवढा प्रसंग ओढवेल!

मुलीला प्रवेश मिळाला. तिसऱ्या दिवशी भाभी अमरावतीहून परतल्या, तशाच थेट माझ्या ओट्यावर आल्या. वसतिगृह कसे आहे, पाणी कधी येते, खोलीत किती जणी, सारे सांगून झाले. मग त्यांनी विचारले, "काका, थे म्हातारी होती नं आमच्या मांगं, सोफ्यावर बसली थे. तिचं झालं?"

"नाही. खाली पाठवलं तिला."

"कावून? खोली तं रिकामीच पडली हाय नं?"

"कुलूप लावलं."

"मंग तुमी काय करून राहिले?"

"लिहून राहिलो," मी म्हणालो.

भाभींनी माझ्या पुढ्यातल्या कागदांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आन् थे म्हातारी?"

दुसऱ्या दिवशी व्हीसी नव्हती. खिडकी रखडत का होईना चालत होती. म्हातारी रोज पातूरकडून यायची, आणि रांगेत तिची पाळी येण्याआधीच खिडकी मिटायची. मी कार्यालय उघडायच्या आधीच रांगेत जाऊन उभा राहिलो; अधीक्षक म्हणून नव्हे, त्या म्हातारीची जागा धरण्यासाठी. ती उशिरा आली. पातूरकडची पहिली एसटी आलीच नव्हती. मला पाहून तिने विचारले, "तुमाले बी दाखला पायजे का, बावा?"